सातव्या जागी किती नावं

९ जानेवारी

धाकट्या,

गेल्या महिन्यात एका सकाळी मी भट्टीच्या भिंतीसमोर तळहात धरून उभा राहिलो आणि हात मागे घ्यायची वेळच येईना. तेव्हापासून तुला लिहायचं मनात आहे. नऊ वर्षांत एकही पत्र न लिहिणाऱ्याने असं अचानक सुरू करावं हे बरं दिसत नाही, पण दुसरी सुरुवात सुचत नाही.

ती पद्धत तुझीच. भिंतीपासून वीतभर अंतरावर तळवा धरायचा, मनात देवाचं नाव घेत राहायचं आणि सोसेनासं झालं की किती नावं झाली ते लक्षात ठेवायचं. (तू नावांऐवजी शिव्या मोजायचास, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.) हातात यंत्र असतंच, ते आकडा दाखवतं. पण मला तो आधी तळहातावर कळतो, मग यंत्रावर दिसतो. तू विटा रचल्यास त्या वर्षी भिंतीवरच्या ठरलेल्या सातही जागी चाळीस नावं व्हायची. पुढे भिंत आतून झिजत गेली तशी नावं कमी होत गेली. सातव्या जागी, रस पुढे जातो त्या भट्टीच्या अरुंद घशाजवळ, मागच्या वर्षी अकरावर आलो होतो. आणि त्या सकाळी एकतीस झाली. मी दुसऱ्या दिवशी परत मोजली. एकतीसच.

आत काचेचा रस आहे, बाहेर माणसं आहेत, मध्ये तुझी भिंत आहे. ती भरून आली असं मला वाटलं. विटा भरून येत नाहीत हे मला कळतं. पण तुझ्या हाताचा गुण आणि वरच्याची कृपा, असं म्हणून मी नमस्कार केला आणि सात आकडे नेहमीप्रमाणे तिकडे, मालकांच्या देशात पाठवले.

तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं. भट्टी अजून सहा वर्षं चालेल असं तुमच्या आकड्यांवरून दिसतं, तेव्हा कंपनी सध्या ठेवायचं ठरलं आहे.

म्हणून लिहितोय. थोरल्या मालकांनी कारखाना बाहेरच्यांना विकायचं काढलं तेव्हा त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हणालो. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "दादा, हे लोक वस्तू आत आणतानाच दार मोजून ठेवतात, बाहेर काढताना अडकायला नको म्हणून. पहिली मंदी येऊ दे, मग बघ." आणि भट्टी पेटवायच्या दिवशी तू नव्हतास. आता मंदीला चौदा महिने झाले. ते इथेच आहेत.

टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडा असेलही.

तुझा दादा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

इथली हकीकत सांगतो. बाटल्यांना मागणी नाही, त्यामुळे भट्टी गेल्या नोव्हेंबरपासून मंद आचेवर ठेवली आहे. रस आळणार नाही इतकीच आच, माल काढायचा नाही. विझवता येत नाही, विझवली की अस्तर तडकतं आणि सगळं नव्याने बांधावं लागतं. तेव्हा तीन पाळ्यांची माणसं मिळून एका झोपलेल्या जनावराची राखण करतात. चहाच्या सुट्टीत बोलायला एकच विषय, हे मालक किती दिवस ठेवणार.

कचेरीत एक नवा कारकून आहे, त्याला सगळे चष्मा म्हणतात. त्याने म्हणे यावर पुष्कळ वाचलंय. तो सांगत होता, "चांगल्या काळात ते लवकर विकतात आणि वाईट काळात जास्त दिवस ठेवतात. मंदी म्हणजे उलट आपल्याला मुदतवाढ."

मी म्हटलं, "वाईट काळात धरून ठेवतात म्हणजे माया असणार."

"काका, पडत्या भावात तुम्ही तुमचं घर विकाल का?"

"नाही."

"ती घरावरची माया का?"

काही मायाही असतेच की. घरी येऊन तुझ्या वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लग्नानंतर तुमची आई मला दोन वर्षं पाहुणीसारखं वागवायची. मी टिकले ते मायेने की माहेरी जागा नव्हती म्हणून, ते मलासुद्धा अजून माहीत नाही. तुम्ही कुठे त्या परक्यांचं शोधताय." आणि हसत भाजी चिरत बसली. मी मात्र दोन दिवस विचार करत होतो.

मालकांचा इथला माणूस तोच आहे, तू गेलास तेव्हा नुकता आला होता. त्याचं नाव कुणाला उच्चारता येईना म्हणून सगळे पाहुणा म्हणायला लागले. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल गेली, असं आपण म्हणतो, हा नऊ वर्षं राहिला. आपली भाषा शिकला. लहानथोर सगळ्यांना अरेतुरे करतो, कुणी मनावर घेत नाही. घर अजून महिन्याच्या कराराने. सोबत आणलेली खोकी फोडलेली नाहीत, त्यातल्याच एकावर चहा ठेवतो. लोक त्या खोक्यांवर नजर ठेवून असतात. एकदा त्याने भिंतीवर खिळा ठोकला तर कारखान्यात आनंदीआनंद. खिळ्यावर त्याने छत्री अडकवली.

माल तपासणाऱ्या बायकांना काम नाही, पण बसवून ठेवायचं म्हणून जुनाच माल पुन्हा तपासायला दिलाय. काटकसरीत त्यांच्या शेडची ऊब बंद झाली, तेव्हा मीच त्यांना भट्टीच्या मागे, सातव्या जागेसमोर बसायला जागा करून दिली. अकरा जणी आहेत. त्यांच्यातली थोरली मावशी तुला आठवत असेल, जिने तुला एकदा फुटकी बरणी फेकून मारली होती. परवा म्हणाली, "भट्टीवाले, तुमच्या देवाला सांगा जरा जोरात तापायला. माझे गुडघे त्याच्यावर अवलंबून आहेत."

दादा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

तू वहिनीला फोन केलास. नऊ वर्षांनी. ती रडली, ते तुला ऐकू आलंच असेल. तुझी तब्येत, मुलीची शाळा, सगळं तिने मला दोनदा सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणि एक निरोप आहे. म्हणाला, दादाला विचार, मोठी आच लावल्यावर किती नावं होतात."

म्हणजे पत्रं वाचतोस. बरं वाटलं.

तुझ्या प्रश्नाचं असं आहे की मध्ये पाच दिवस मोठी आच लावली होती. औषधाच्या बाटल्यांची एक छोटी ऑर्डर आली म्हणून. पण धावपळीत हात धरायचं राहून गेलं. आता पुन्हा मंद आहे. आकडे चांगले आहेत. काळजीचं काही नाही.

मागे बसणाऱ्या बायकांना मी परत त्यांच्या जुन्या शेडमध्ये पाठवलं. तिथे उजेड बरा आहे. मावशी तणतणली, "उजेड काय गुडघ्याला बांधू?" तिला दोन घोंगड्या नेऊन दिल्या.

तुला अजून काही विचारायचं असेल तर मला फोन कर. वहिनीला मध्ये घालू नकोस.

दादा


११ मार्च

धाकट्या,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

हात धरायचं राहून गेलं नव्हतं. मोठ्या आचेच्या चौथ्या दिवशी सकाळी धरला होता. पहिल्या जागी बावीस, दुसऱ्या जागी वीस, असं करत सातव्या जागी आलो. तिथे सात. सातवं नाव पुरतं घेतलंही नाही, हात आपोआप मागे आला. मला वाटलं माझीच तयारी कमी पडली. दुसरा हात धरला. सात. माझ्या मागे, तीन पावलांवर, अकरा जणी जुन्या बाटल्या उजेडाकडे धरून बघत होत्या आणि मावशी कुणाच्या तरी सुनेची गोष्ट सांगत होती.

तू फोनवर विचारलंस त्याच्या आधीच मला कळलं होतं. आच मंद केली की भिंत बाहेरून गार लागणारच. पातळ झालेली असली तरी. एकतीस नावं ही भिंतीची नव्हती, आचेची होती. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट, आणि मी त्यावर नमस्कार करून मोकळा झालो.

तिकडे पाठवायच्या कागदावर सात आकड्यांच्या खाली एक रकाना आहे. आच: पूर्ण / मंद. यापैकी एकावर खूण करायची. पण आपली भट्टी आठ वर्षं कायम पूर्ण आचेवर असायची, त्यामुळे त्या रकान्यात कधी कुणी खूण केलीच नाही. नोव्हेंबरात आच उतरवली तेव्हाही मी तो सवयीने रिकामा सोडला. तिकडे त्यांनी मंद आचेचे आकडे पूर्ण आचेच्या तक्त्यात घातले आणि सहा वर्षं काढली.

इथवर चूक. पुढचं चूक नाही. त्या पाच दिवसांचे खरे आकडे मी पाठवले नाहीत. त्याआधीच्या आठवड्याचे उतरवून काढले. आणि आता रोज सकाळी तो रकाना मी जाणूनबुजून रिकामा सोडतो.

का, ते सांगायचा प्रयत्न करतो. त्यांना खरं कळलं की एका मरायला टेकलेल्या भट्टीसाठी ते मंदीत थांबतील कशाला? नवं अस्तर बांधायला सांगणं म्हणजे पुढची दहा वर्षं इथे राहतो असं सांगणं. ते सांगतील का? आणि नाही म्हणाले तर चारशे माणसं मी घरी पाठवली असं होईल, माझ्या हाताने, जसं नऊ वर्षांपूर्वी त्यांना माझ्या तोंडाने आत आणलं. दुसरीकडे मनात येतं, मंद आचेवर भिंत टिकतेय ना? मग टिकू दे. मंदी संपेल तेव्हा बघू. पण मंदी संपली की पहिलं काम मोठी आच लावायचं.

म्हणजे मी ज्या दिवसासाठी प्रार्थना करतोय त्याच दिवसाला घाबरतोय. सकाळी डोळे मिटून बसतो तेव्हा काय मागायचं तेच कळत नाही. काही न मागता उठतो.

तू काही म्हणणार असशील तर म्हण.

दादा


२६ मार्च

धाकट्या,

काल दुपारी पाहुण्याकडे गेलो होतो. कचेरीत नाही, घरी. खोक्यावरचा चहाचा पेला त्याने मला दिला आणि स्वतः दुसऱ्या खोक्यावर बसला. मी सगळं सांगितलं. रकाना, उतरवलेले आकडे, सात नावं. नावांचं त्याला समजावून सांगावं लागलं नाही. पहिल्या वर्षी तोही एकदा माझ्या शेजारी तळवा धरून उभा राहिला होता, त्याच्या भाषेत एक दोन मोजत.

तो रागावेल, मला काढून टाकेल, असं धरून गेलो होतो. त्याने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला वाटतं, आम्ही तुझ्या आकड्यांमुळे राहिलो?"

"पत्रात तसं होतं."

"पत्रात काहीतरी कारण लिहावं लागतं. विकत घेतानाच ठरलं होतं, पाच वर्षं. पाचव्या वर्षी भाव बरा मिळेना. मग म्हणाले, अजून दोन. मग मंदी आली. मंदीत विकायला उभा राहिलेला माणूस भिकाऱ्यासारखा दिसतो. म्हणून राहिलो."

"आणि मी दीड महिना झोपलो नाही त्याचं काय?"

"ते मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तू सांगायचं होतंस."

मला हसावं की रडावं कळेना. धाकट्या, तू बरोबर होतास असं आता म्हणावं, तर तू म्हणाला होतास पहिल्या मंदीत पळतील. ते पळाले नाहीत. उलट मंदीनेच त्यांना धरून ठेवलं. मी म्हणत होतो राहतील. राहिले, पण मी समजत होतो त्या कारणाने नाही. मग नऊ वर्षं आपण दोघं कशावरून बोलत नव्हतो?

मी विचारलं, "आता पुढे?"

"आता एक गिऱ्हाईक आहे. पंधरा एप्रिलला येतील. त्यांना भट्टी मोठ्या आचेवर चालू बघायची आहे. दोन दिवस. नंतर ती भिंत त्यांची."

"आणि त्या दोन दिवसांत सातवी जागा फुटली तर?"

तो उठून खिडकीशी गेला. "तू म्हणालास सात. सात म्हणजे शून्य नाही."

मी निघालो तेव्हा दारात म्हणाला, "नऊ वर्षं सगळे माझी खोकी मोजतात. किती दिवस राहणार, हे मलाही कुणी सांगितलेलं नाही. मी आईला दरवर्षी सांगतो, पुढच्या वर्षी येतो." मग म्हणाला, "दोन तारखेपासून आच वाढवायला घे."

तो वाईट माणूस आहे असं मला लिहिता आलं असतं तर पत्र लवकर संपलं असतं.

दादा


१४ एप्रिल

धाकट्या,

भट्टीवाल्याच्या नियमांचं एक पुस्तक आहे. त्याचं पहिलंच कलम थोरल्या मालकांनी स्वतः लिहिलेलं. भिंतीचा भरवसा नसेल तर भट्टीवाल्याने कुणाच्याही परवानगीवाचून रस बाहेर सोडावा. नव्या मालकांनी पुस्तकाचं भाषांतर करून घेतलं आणि कलम तसंच ठेवलं. आजवर ते कुणी वापरलं नव्हतं, कारण वापरलं की भट्टी संपते.

एक तारखेला सकाळी मी नेहमीच्या वेळी गेलो. सातही जागी हात धरला. मंद आच होती, सातव्या जागी तीसएक नावं झाली. भिंत माझ्याशी शेवटपर्यंत गोडच बोलत होती. मग पाळीतल्या माणसांना बोलावून सांगितलं, निचरा करायचाय. दोघे जण सरळ बाजूला झाले. एक म्हणाला, "काका, माझ्या हाताने नाही होणार. घरात कळलं तर आई जेवायला वाढणार नाही." मी म्हटलं, "तू नको करूस. फक्त पाण्याची चारी सोडून दे." त्याने तेवढं केलं. तळाच्या निचऱ्याच्या तोंडावर पहिले घाव मी घातले, मग आणखी दोघे आले.

रस उतरायला आधी तयारच नव्हता, मंद आचेमुळे घट्ट झाला होता. तोंडाशी ज्योत लावून तापवावं लागलं. मग हळूहळू मधासारखी लालपिवळी धार सुरू झाली आणि चारीतल्या पाण्यात पडून तिचा तडतडत चुरा होत गेला. दीड दिवस चाललं होतं ते.

पाहुणा तासाभरात आला. धावत आला होता, एका बुटाची नाडी सुटलेली. मी पुस्तकातलं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. त्याने वाचलं नाही. धारेकडे बघत उभा राहिला. "आता मला तिकडे सांगावं लागेल," म्हणाला. मी म्हटलं, "सांग." पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं.

मावशी शेडमधून आली. सगळं बघितलं आणि मला म्हणाली, "घोंगड्या उगाच दिल्या नव्हत्यात तर." मी मान हलवली. "म्हणजे आम्हाला वाचवलंत आणि घरी बसवलंत. आता तुमच्या पाया पडू की शिव्या देऊ, ते तुम्हीच सांगा, भट्टीवाले." तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचा नवरा बोलतो, पण दुसरीकडे बघून.

दहा दिवस भट्टी गार होत होती. आतून अस्तर तडकल्याचे आवाज यायचे, जुन्या लाकडी पलंगासारखे. अकराव्या दिवशी मी वाकून आत गेलो आणि सातव्या जागेची वीट मोजली. तू दीड वीत जाड लावली होतीस. चार बोटं उरली होती.

चार बोटं. दोन बोटं असती तर मी लोकांना दाखवली असती, बघा म्हटलं असतं. एक वीत असती तर तोंड लपवलं असतं. चार बोटांची भिंत मोठ्या आचेवर दोन दिवस टिकली असती की नसती? मी त्या विटेसमोर अर्धा तास बसलो होतो, मला ठरवता आलं नाही. तिचा एक तुकडा या पत्रासोबत पाठवतोय. तू बघ. आणि जे दिसेल ते खरं सांग, माझं मन राखू नकोस.

गिऱ्हाईक येणार नाही असं कळवलंय. पाहुण्याला पुढची सूचना येईपर्यंत थांबायला सांगितलंय. नवं अस्तर बांधायचं की विटांच्या भावात सगळं देऊन टाकायचं, यावर तिकडे बैठका चालू आहेत. चष्मा म्हणतो, आता विकता येणार नाही म्हणून कदाचित बांधतीलच, तोट्यात गेलेली वस्तू माणूस लवकर सोडत नाही. मग म्हणतो, किंवा उद्याच सोडतील. त्यालाही कळत नाही. मला त्याचं बरं वाटलं.

मला कुणी काढलेलं नाही. राखायला काही उरलेलं नसताना भट्टीवाला म्हणून रोज जातो.

आज सकाळी गेलो तेव्हा सवयीने सातव्या जागेसमोर उभा राहिलो. वीतभर अंतर ठेवायची गरज नव्हती. तळवा सरळ भिंतीला टेकवला, तुझ्या विटांवरच्या पत्र्याला, आणि नाव घ्यायला लागलो. शंभर झाली, दोनशे झाली. मग मोजणं सोडून दिलं. हात कुणी काढ म्हणत नव्हतं.

नंतर टेबलाशी बसून तिकडे पाठवायचा कागद घेतला. सात जागी सात आकडे लिहिले, सगळे जवळपास सारखेच. खाली तो रकाना होता. त्यात पूर्ण आणि मंद असे दोनच शब्द छापलेत. मी दोन्ही खोडले, शेजारी तिसरा लिहिला, विझवली. कुणी, तेही लिहिलं. खाली सही करून कागद पाठवून दिला.

दादा